संच जोडला, कप्पे बंद

नकाशे छापणाऱ्या त्या कार्यालयात सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे ‘सबुरी’ म्हणत. डिस्कांचा जुना संच मशीनला जोडला की त्यातले कप्पे आपोआप उघडतात. हा गृहस्थ ते होऊ देत नसे. आधी संच नुसता ओळखून घ्यायचा, कप्पे बंदच. मग कुठला कुठे उघडायचा ते स्वतः ठरवायचं.

बारा वर्षांपूर्वी हात पोळले होते. एक जुना संच त्याने बिनदिक्कत जोडला आणि त्यातला जुन्या नकाशांचा कप्पा चालू नकाशांच्या कप्प्याच्याच पत्त्यावर, थेट त्याच्या डोक्यावर जाऊन बसला. खालचं काही पुसलं नव्हतं, नुसतं दिसेनासं झालं होतं. साहेब दुपारपर्यंत पूल नसलेल्या जुन्या नकाशांवर सह्या करत होते. “अख्ख्या गावाला पोहत कामावर पाठवणार होतास,” असं छपाईवाला अजून ऐकवतो.

त्याच्या दादाला जाऊन वर्ष झालं तेव्हा वहिनी उशीच्या अभ्र्यात चार डिस्का घेऊन आल्या. दादाला आवाज टिपून ठेवायचा नाद होता.

“भावजी, पोरगी त्याचा आवाज विसरायला लागलीये. परवा विचारत होती, बाबा जाड आवाजात बोलायचा की बारीक?”

त्याच दिवशी त्याने संच जोडला. कप्पे सात, सगळे बंद. पडद्यावर आलं, चुका शून्य. आता काहीतरी वाटेल, असं त्याला वाटलं. काही वाटलं नाही. त्याने डबा खाल्ला, विसळून ठेवला.

मग तीन महिने दर रविवारी वहिनींचा फोन आणि याचं एकच उत्तर, “संच शाबूत आहे, वहिनी.”

“अहो, डॉक्टरसुद्धा एवढा वेळ नाडी धरून बसत नाही!” म्हणाल्या, आणि सोमवारी लेकीला घेऊन कार्यालयातच हजर झाल्या.

त्याने एका कप्प्याला रिकामा पत्ता दिला, तो फक्त वाचण्यापुरता उघडला आणि पहिलीच फाइल लावली.

“एक, दोन, तीन... चालू आहे का हे? अगं पिल्लू, वायर खायची नसते!”

“जाड आहे!” पोरगी ओरडली. वहिनींनी तोंड खिडकीकडे फिरवलं.

त्याने चुका पुन्हा तपासल्या. शून्य. रडू येईल म्हणून तो सवयीने थोडा थांबला. आलं नाही.

“काका, अजून किती आहेत?”

“सहा.”

“मग उघड ना!”

त्याने दुसऱ्या कप्प्याचं नाव टाइप केलं.