मेन खाली केला का?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते पलंगाखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. आपण एकच ठेवलेली असते, आणि काढायला वाकलं की पंधरा निघतात! आमच्या तुकोगंजच्या ऑफिसचं तसंच आहे. मी तिथे चहा करते, झाडू-पोछा करते, फोन उचलते, सकाळी उघडते, संध्याकाळी बंद करते. शिक्षण सातवी. त्यामुळे त्या दिवसांत तिथे नक्की काय बिघडलं होतं ते मला अर्धंच कळत होतं. पण ज्यांना पूर्ण कळायला हवं होतं, त्यांनाही तेवढंच कळत होतं!

*

मला नोकरी लागली तेव्हा मिल बंद होऊन वर्ष झालं होतं. माझे मिस्टर आणि सासरे, दोघंही एकाच मिलमध्ये. मिस्टर टेम्पो चालवायला लागले, पण टेम्पोचं काम आज आहे, उद्या नाही. घरात ठरलेल्या तारखेला येणारा पगार फक्त माझा. आणि कडेवर चिनू, सव्वा वर्षाची.

सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते मिलच्या बिजली खात्यात होते. पहिल्या दिवशी मी घरी आले तर दारातच चौकशी सुरू.

"काय काढतात तिथे? सूत की कापड?"

"काहीच नाही काढत, बाबा. कंप्यूटरसमोर बसून असतात."

"मग माल?"

"माल दिसत नाही."

बाबांनी मान डोलावली. म्हणाले, "माल दिसत नाही म्हणजे गेटवर झडतीही नसेल. बरं आहे!"

मग त्यांनी मला कामाचा एकच नियम शिकवला. शेवटी निघणाऱ्याने मेन स्विच खाली ओढल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. मिलमध्ये कापूस, इकडे ठिणगी, तिकडे राख. मी म्हटलं, बाबा, तिथे कापूस नाही. ते म्हणाले, "पडदे तर असतील?"

पडदे होते!

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्या चपला पायातच असतात आणि बाबा विचारतात, "मेन खाली केला का?" मी म्हणते, "केला, बाबा." त्याच्यानंतरच चिनू माझ्याकडे देतात.

*

आमचे इंजिनिअर नितीन भिया. भिया म्हणजे भैया, इकडे सगळे असंच म्हणतात. राहतात भंवरकुआंच्या होस्टेलमध्ये, बोलतात मराठी, चिडतात हिंदीत. मालक मुळे सर. काम महूच्या एका सेठजींचं. सेठजी शेव-नमकीनची पार्सलं जवानांना पाठवतात, घरच्यांनी पैसे भरले की थेट छावणीत. पार्सल कुठपर्यंत पोहोचलं ते दिल्लीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीला माहीत असतं.

नितीन भियांनी जावात एक प्रोग्राम केला होता. जावा म्हणजे ह्या लोकांची लिहायची भाषा. तो प्रोग्राम आतल्या खोलीतल्या जुन्या मशीनवर बसवला होता. त्याने दिल्लीच्या मशीनला नंबर सांगायचा, आणि दिल्लीने सांगायचं पार्सल कुठे आहे. दोन महिने छान चाललं. आणि एका सकाळी दिल्लीकडून उत्तर येईना!

नितीन भिया म्हणाले, "ताई, आपला प्रोग्राम तीस सेकंद वाट बघतो, मग सोडून देतो."

"तीसच? अहो, तो माणूस उठणार, रजिस्टर काढणार, पार्सल शोधणार..."

"माणूस नाहीये तिथे."

"मग कोण आहे?"

"कोणीच नाही. मशीन आहे."

कोणीच नाही तर भांडायचं कोणाशी? पण माझं ऐकून की काय, नितीन भियांनी वाट बघायची वेळ पाच मिनिटं केली. बटण दाबलं. एका सेकंदात लाल अक्षरं आली.

"अजीब है यार!" ते ओरडले. "आपण पाच मिनिटं द्यायला तयार आहोत, आणि हा एका सेकंदात नाही म्हणतो!"

*

सर्वांत मोठा गोंधळ हा की नितीन भियांच्या टेबलावरच्या मशीनवर तोच प्रोग्राम मस्त चालायचा. अक्षर न अक्षर तेच. आतल्या खोलीत नेला की बंद!

सेठजी स्वतः बघायला आले. आधी टेबलावर बघितलं, मग आत जाऊन बघितलं, मग पुन्हा टेबलावर. चष्मा पुसला. म्हणाले, "भिया, आपकी टेबल पे मेरा पार्सल कानपुर पहुँच गया, और अंदर के कमरे में अभी महू से निकला ही नहीं!"

सर म्हणाले, "सेठजी, थोडा टेक्निकल इशू आहे."

सेठजी म्हणाले, "वो तो ठीक है, पर फौजी शेव टेक्निकल में थोड़ी खाएगा!"

*

मग सरांनी दिल्लीला फोन लावला. तिथे एक अगदी शांत आवाजाचा माणूस होता. त्याने सांगितलं, आम्ही आता बंदोबस्त वाढवलाय. आमची मशीन बोलायच्या आधी स्वतःचा दाखला दाखवते. तुमची मशीन तो तपासते. पटला तर बोलणं, नाही तर नाही.

नितीन भियांनी लाल अक्षरं नीट वाचली. तिथे लिहिलं होतं, हा दाखला अजून लागू झालेला नाही.

सरांनी फोनवर विचारलं, दाखला कधी काढला? तो म्हणाला, तीन आठवडे झाले.

"तीन आठवडे झाले काढून, आणि अजून लागू नाही?" सर फोनमध्ये ओरडले. "दाखला कंपनीचा आहे का नगरनिगमचा?"

तिकडून शांत आवाज आला, "सर, बाकी सबके यहाँ चल रहा है."

सरांनी फोन ठेवून दिला.

*

आता माझं गुपित. थकलेल्या पैशांसाठी बाबांची मिलच्या गेटवर मीटिंग असली की चिनूला मी ऑफिसात आणायचे आणि आतल्या खोलीत सतरंजीवर ठेवायचे, तिथे कूलरची हवा येते म्हणून. एकदा बघते तर तिने त्या जुन्या मशीनच्या फ्लॉपीच्या फटीत अर्धं बिस्किट सारलेलं! मी केसातल्या पिनेने काढलं. सगळं निघालं की नाही, देव जाणे.

आणि त्याच आठवड्यात दिल्ली बोलेनाशी झाली!

मला झोप लागेना. आठ दिवस मी त्या मशीनला नुसता हात जोडत होते. फिनाइलने पुसणं बंद केलं, तिला वास नको म्हणून. सरांनी लिंबू-मिरची बांधली, तेव्हा धागा मीच आणून दिला.

मग शुक्रवारी सेठजींचा निरोप आला, सोमवारपर्यंत चालू करा, नाही तर काम दुसरीकडे देतो. सर म्हणाले, "हे काम गेलं तर आतली खोली सोडून देऊ. एका खोलीत भागवू."

मी चहाचे कप गोळा करत होते. मिलमध्येही आधी एकच खातं बंद केलं होतं. बाकीचं चालू राहील म्हणाले होते. आणि एका खोलीच्या ऑफिसला चहावाली ताई कशाला लागते? खालच्या टपरीवाल्याला हाक मारली की झालं.

मी सांगूनच टाकलं. "सर, माझ्या चिनूने बिस्किट घातलं होतं मशीनमध्ये." रडायलाच आलं.

नितीन भिया अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, बिस्किटाने मशीन बंद पडते. दाखले तपासत नाही!"

*

सोमवारी चिनूचा लसीचा डोस होता. कार्डावर तारीख लिहिलेली, पण मला ह्या बाबतीत स्वतःचाही भरवसा नाही. मी नितीन भियांना सकाळपासून तीनदा विचारलं, आज तारीख काय? ते वैतागले. "ताई, स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ असतं ना, त्याच्यावर बाण नेऊन ठेवा. तारीख दिसते. मला विचारू नका!"

मी आतल्या खोलीत पोछा मारत होते, म्हणून तिथल्याच मशीनवर बाण नेला.

बाहेर आले ती कार्ड हातात घेऊन. "भिया, डोस चुकला का हो? का अजून वेळ आहे? इथे एक जानेवारी दाखवतंय."

"जून चालू आहे, ताई."

"आणि साल पण चार वर्षांमागचं आहे. तेव्हा तर माझी चिनू जन्मलीच नव्हती!"

नितीन भिया हसले. मग खुर्ची मागे पडली तरी उचलली नाही, तसेच आत पळाले. सर पण पळाले. आतून आवाज आला, "अरे बाप रे! ह्या मशीनच्या हिशोबाने तो दाखला चार वर्षांनी निघणार आहे!"

तारीख बदलली. बटण दाबलं. दिल्ली बोलली! पार्सल कानपूरला पोहोचलेलं होतं.

सरांनी मला पेढा देतो म्हटलं. पेढा येईपर्यंत नितीन भियांनी डोकं खाजवलं. "पण तारीख मागे जाते कशी? आतल्या घड्याळाचा सेल गेला असेल. पण वीज चालू असली तर सेल नसला तरी चालतं. वीज पूर्ण तोडली तरच तारीख पुसते. रोज वीज कोण तोडेल?"

मी कार्ड घट्ट धरलं. म्हटलं, "मी. मेन खाली ओढते."

"रोज?"

"रोज. नियम आहे."

"पण सेल गेला असेल तर सकाळी चालू करताना मशीन ओरडून सांगते! काळी स्क्रीन येते, लिहून येतं. तुम्ही चालू करता ना? तुम्हाला कधी दिसलं नाही?"

"दिसतं ना. रोज येतं. खाली एफ-वन दाबा असं लिहिलेलं असतं. मी दाबते."

"आणि वर काय लिहिलेलं असतं?"

"इंग्रजीत असतं. मला वाटलं, नमस्कार-चमत्कार असेल."

मी मनात म्हटलं, गेली नोकरी. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते, खांदे हलत होते. मला वाटलं रडतात. वळले तर डोळ्यांतून पाणी, पण हसून! म्हणाले, "दोन महिने ती मशीन रोज सकाळी सांगत होती, आणि रोज हिने तिला गप्प केलं!"

*

नोकरी राहिली. मशीनला नवा सेल आला, रुपयाच्या नाण्याएवढा. चिनूला डोस मिळाला, रात्री थोडा ताप येईल म्हणाले. आणि सरांनी मला नवा नियम सांगितला. सेठजींचे ट्रक रात्रीही चालतात, त्यामुळे आतली मशीन आता दिवस-रात्र चालू. मेनला हात लावायचा नाही.

त्या संध्याकाळी कुलूप लावताना मी दोनदा परत आत गेले. अंधारात मशीनचा हिरवा दिवा एकटाच लुकलुकत होता. पडदे गुंडाळून वर बांधले, तेव्हा कुठे पाय निघाला.

घरी आले. चपला पायातच.

"मेन खाली केला का?"

मी आजपर्यंत बाबांशी खोटं बोलले नाही. म्हटलं, "नाही, बाबा. आता रात्रभर चालू ठेवायचं आहे. सरांनी सांगितलंय. दिल्लीशी बोलणं चालू असतं."

बाबांनी चिनूला माझ्याकडे दिलं नाही. तिला खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले, मिल ज्या बाजूला आहे तिकडे बघत.

मग विचारलं, "रात्रभर चालते? मग तिसऱ्या पाळीला कोण असतं?"