गच्चीवरची तिसरी टाकी

कॉलेजात मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं आणि दरवर्षी माझा एक तास ठेवणीतला असायचा: श्रीमंतांवर जास्त कर बसवावा की नाही. बसवावाच, असं मी फळ्यावर खडू आपटून सांगायचो. पोरं माना डोलवायची. त्या श्रीमंतांत आपण स्वतःही येऊ, हे माझ्या कधी ध्यानात आलं नाही.

त्या दुष्काळाच्या वर्षी आमच्या गल्लीत आठ-आठ दिवस नळाला पाणी नसायचं. शहर मात्र वाढतच होतं. आमच्याच गल्लीत दोन नवे बंगले उठत होते. सगळे मिळून टँकर मागवायचो आणि वर्गणी घरटी सारखी. टोकाच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत शिवणकाम करणाऱ्या एक बाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची. पाणी घ्यायच्या दोन ड्रम, वर्गणी बंगल्याएवढी. टँकरचा भाव चढला तशा त्या म्हणाल्या, "खोली सोडते आता. जाते सोयगावला भावाकडं." त्यांची मुलगी दहावीला होती. तिची शाळा ऐन वेळी सुटणार होती.

मला राहवलं नाही. लिंबाखाली बैठक बोलावून मी माझा ठेवणीतला तास घेतला: वर्गणी ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे. समोरच्या बंगल्यातले कापड दुकानदार भडकले. "सर, मेहनतीनं कमावलं तर काय गुन्हा केला? आन् ऐपत मोजणार कशी? इथं खरी कमाई कोण सांगतंय?" त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. तेव्हा मागून मावशी म्हणाल्या, "वर बघा की सर. गच्चीवरच्या टाक्या मोजा. त्या कुणाला लपवता येत नाय."

सगळ्यांनी माना वर केल्या. बहुतेकांची एक, दुकानदारांच्या दोन. माझ्या तीन. एक आमची, एक वरच्या भाडेकरूंची आणि एक खास माझ्या गुलाबांची. दुकानदार पोट धरून हसले आणि हसता हसता कबूलही झाले. ठरलं: दर टाकीमागं पट्टी, ड्रमवाल्यांना माफी.

मी घरी आलो तो फणफणतच. ज्यांच्यासाठी भांडलो त्यांनीच मला कापलं, असं मला अगदी मनापासून वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच प्लंबर बोलावून गुलाबांची टाकी खाली उतरवायला लावली. बायको म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान." पुढचं तिनं माझ्यावर सोडलं.

टाकी फाटकाबाहेर काढतोय तोच मावशी समोर.

"काय झालं वो सर टाकीला?"

"गळतेय," मी म्हणालो.

"मग मला द्या. भोक बुजवीन मी."

आता नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? प्लंबरनं आणि मी टाकी ढकलत गल्लीच्या टोकाला नेली आणि त्यांच्या दाराशी विटांच्या ओट्यावर बसवली. दुकानदार गच्चीतून बघत होते.

पट्टी गोळा करायचं काम माझ्याकडंच होतं. रविवारी वही उघडून बसलो तर पहिल्या मावशी आल्या. पदराच्या गाठीतून नोटा काढल्या.

"मावशी, तुम्हाला माफी आहे."

"ती ड्रमवाल्यांना. माझी आता टाकी हाय. आधीची वर्गणी झेपत नव्हती, हे झेपतंय. फुकट पाणी प्यायला लई लाज वाटली असती सर. लिहा." मग मागं कुणी नाही हे बघून हळूच म्हणाल्या, "आन् ती गळत नाय बरं का."

मी मान वर केली नाही. त्यांची एक टाकी लिहिली, खाली माझ्या नावापुढं तीन लिहिल्या आणि तीन टाक्यांचे पैसे वहीत ठेवले.

मुलगी त्याच खोलीतून दहावी पास झाली. पेढा द्यायला आली तेव्हा मी अंगणातल्या वाळलेल्या गुलाबांच्या काटक्या उपटत होतो, आणि मला त्यांचं जरासुद्धा वाईट वाटत नव्हतं.