उन्हाळ्याला चालेल अशी बाटली

आमच्या शहरातला उन्हाळा सगळेच सोसतात. माझी आत्या मात्र त्याचा अभ्यास करायची. मुलींच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवल्यामुळं असेल, पण ऊन ही तक्रार करण्याची नसून समजून घेण्याची गोष्ट आहे, असं तिचं ठाम मत होतं. होळी झाली की सिडकोतल्या तिच्या छोट्या घरात प्रयोग सुरू व्हायचे. वाळा माठात किती वेळ ठेवला म्हणजे पाण्याला वास येतो आणि कधी ते गवत चावल्यासारखं लागायला लागतं, सब्जा दुधात बरा की लिंबूपाण्यात, पन्ह्यात वेलदोडा घालणारे लोक नेमकं काय लपवत असतात, असले प्रश्न तिला पडत, आणि उत्तर मिळेपर्यंत ती आम्हाला पाजत राही. मे महिन्यात तिच्याकडं गेलेला माणूस तहानलेला परतत नसे, दमलेला मात्र परते. कारण प्रत्येक पेल्यानंतर मत द्यावं लागे, आणि "छान आहे" हे मत ती धरत नसे. "छान म्हणजे काय? आंबट, तुरट, का नुसतं गार?"

अशा बाईच्या हाती वाईन लागली. नाशिकहून येताना मी आमच्या साहेबांसाठी पांढऱ्या वाईनची एक बाटली आणली होती आणि जाता जाता आत्याकडं टेकलो होतो. पिशवीत काय आहे, असं तिनं विचारलं आणि मी सांगितलं. तिनं चष्मा लावून बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचलं आणि म्हणाली, "आत्ता उघडता येते का ही?" साहेबांना शेवटी चिवडा मिळाला. आत्यानं स्टीलच्या वाटीत घोटभर ओतून घेतली, बराच वेळ नुसता वास घेतला. "कैरी फोडली की पहिल्यांदा येतो ना, तो वास आहे," म्हणाली. मग एक घोट घेऊन खिडकीबाहेर बघत बसली. "उन्हाळ्याला चालेल. पण ह्याहून बरी असणार कुठंतरी."

पुढच्याच आठवड्यात ती जालना रोडवरच्या वाईनच्या दुकानात स्वतः गेली. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावतेय. दुकानदार अदबीनं म्हणाला, "काकू, मेडिकल शेजारी आहे." आत्यानं त्याला हलकी, गोड नसलेली, उन्हात जड न होणारी वाईन मागितली. त्यानं सवयीनं लाल, गोड बाटली काढली; हीच सगळे नेतात, म्हणाला. आत्याला ती हाताला कोमट लागली. तिनं दुकानाचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहिलं आणि म्हणाली, "पश्चिमेला तोंड. म्हणजे ह्या बाटल्या तुम्ही रोज दुपारी उकडता. आतली द्या." पावसाळ्यापर्यंत मांडणी मागच्या भिंतीला गेली आणि काकूंची मॅडम झाली.

त्या उन्हाळ्यात तिनं काय काय तपासलं, ते सांगत बसलो तर दिवस मावळेल. लाल वाईन तिनं पहिल्याच फेरीत बाद केली. "मे महिन्यात लाल म्हणजे गोधडी पांघरणं." रोझे नावाच्या गुलाबी वाईनवर मात्र ती खूश होती. "दिसायला करवली आणि बोलायला मुख्याध्यापिका." दोन घोटांपुढं ती कधी गेली नाही, पण त्या दोन घोटांची तयारी तास तास चाले. काकडीच्या कोशिंबिरीबरोबर कुठली जाते, कैरीच्या डाळीपुढं कुठलीचं तोंड आंबट होतं, शेंगदाण्याच्या चटणीपुढं कुठलीच का टिकत नाही. माझे वडील, म्हणजे तिचे थोरले भाऊ, हे ऐकून तरातरा तिच्याकडं गेले. "ह्या वयात हे?" त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "दादा, ह्याच वयात वेळ मिळाला."

तर ती दादाला भ्यायली नाही, कॉलनीला भ्यायली नाही. भ्यायली ती एकट्या नसरीन आपांना. आपा टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या, शेजारच्याच घरात राहायच्या. दोन्ही गच्च्यांच्या मधे कमरेएवढी भिंत होती. दिवस मावळल्यावरची मगरिबची नमाज झाली की आपा वर येत, अलीकडं आत्या बसे, आणि फालशाच्या सरबताचा पेला भिंतीवरून इकडं येई. कित्येक उन्हाळे त्या दोघींनी असे घालवले होते. आता आपांसमोर वाईन कशी घ्यायची आणि त्यांच्यापासून ती लपवायची तरी कशी, ह्याचं उत्तर आत्याला सापडेना. मग ती संध्याकाळी स्वयंपाकघरातच बसू लागली आणि गुडघा दुखतोय असं तिनं कळवून टाकलं. आपांनी लगेच तेल पाठवलं.

एका संध्याकाळी मी तिथं असतानाच आपा स्वतः आल्या. टेबलावर तेलाची शिशी तशीच होती, आणि तिच्या शेजारी दुसरी बाटली.

"बाई, घुटने का तेल भेजी थी मैं. खोले भी नहीं तुम."

आत्या उठून उभी राहिली. शाळेत कधी कुणापुढं अशी उभी राहिली नसेल. "आपा, गुडघ्याला काही झालेलं नाही. मी संध्याकाळी ही घेते, थोडीशी. तुम्हाला कसं सांगू ते कळेना."

आपा बाटलीकडं पाहत राहिल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. "मैं समझी, बाई मेरे से नाराज है. दो महिने से येइच सोच रही." पदर सारखा करून त्या पुढं म्हणाल्या, "मेरे कू नक्को, मेरे गिलास में नक्को, दीवार पे भी नक्को रखना. बाकी तुम जानो. छत पे आओ, नीचे गर्मी बहुत है." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "लगती कैसी है?"

आत्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "ही गुलाबी जराशी फालशासारखी लागते, आपा."

"तो फालसाइच पीना था ना," आपा म्हणाल्या आणि गेल्या.

पुढचं साल दुष्काळाचं निघालं. नळाला पाणी कधी येईल ह्याचा नेम नव्हता, संध्याकाळी वीज जायची, फ्रिजमधली बाटली कोमट व्हायची. आपा म्हणाल्या, पाण्याच्या सुराहीला ओलं फडकं गुंडाळतात तसं बाटलीला गुंडाळ आणि वाऱ्यावर ठेव. माझी सुराही मात्र त्यासाठी मिळणार नाही. फडकं त्यांचंच होतं. बाटली उत्तम गार झाली. आत्यानं ती उघडायला घेतली आणि तेवढ्यात खाली टँकर आला. हंड्यांचा आवाज, बायकांची भांडणं वरपर्यंत ऐकू येत होती. आत्यानं फडक्यातलं पाणी तुळशीत पिळलं आणि बाटली तशीच खाली नेऊन ठेवली. "लोक हंडे घेऊन उभे आहेत आणि मी वर बाटलीला पाणी पाजतेय. घशाखाली उतरायचं नाही मला," ती म्हणाली. तो सगळा उन्हाळा दोघींनी सरबतावर काढला, तेही अर्धा अर्धा पेला.

नंतर पाऊस बरा झाला, वाईनही परत आली. पण शहर सगळीकडून वाढत होतं. कॉलनीतली बैठी घरं पाडून चार मजली होऊ लागली, आणि आपांच्या मुलांनीही घर विकून बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. निघताना आपांनी आपली सुराही आत्याच्या हातात दिली. त्यांच्या गच्चीच्या जागी आता नव्या इमारतीची सरळसोट भिंत आहे. संध्याकाळचा वारा तिथंच अडतो. मी महिन्यातून एकदा आत्याला आपांकडं सोडतो. तिथं दोघी बाल्कनीत बसून आपांचं जुनं घर कुठल्या बाजूला असेल ह्यावर वाद घालतात. भूगोल शिकवलेली आत्या हटकून चुकीची दिशा दाखवते.

परवा उन्हं तापली होती म्हणून मी तिच्या आवडीची गुलाबी बाटली घेऊन गेलो. तिनं ती हातात घेतली, अक्षरं वाचली आणि परत माझ्याकडं दिली. "तूच ने रे. एकटीला एक बाटली फार होते. उघडली की दोन दिवसांत चव उतरते."

आपांनी कधी थेंबही घेतला नव्हता. बाटली तेव्हाही आत्या एकटीच संपवायची. मी बाटली परत पिशवीत घातली.