धुण्याच्या खोलीतले पाच ससे

त्या जानेवारीत थंडी फॅरनहाइटमध्येसुद्धा शून्याच्या खाली गेली आणि चार दिवस तिथंच राहिली. अमेरिकेतल्या नोव्हाय शहराच्या पश्चिमेला, जिथं वस्ती विरळ होत जाते, तिथं आमचं घर आहे. मागच्या शेडमध्ये मी ससे पाळते, खाण्यासाठी. कोविडच्या वर्षी दुकानांतले मटणाचे फ्रीज रिकामे दिसायला लागले तेव्हा एका शेतकऱ्याकडून दोन माद्या आणि एक नर आणला होता. मग तो नादच लागला.

कापायचं काम मी आणि नवरा दरवर्षी ऑक्टोबरात मागच्या अंगणात उरकायचो. त्या वर्षी माझ्या ऑफिसात गाड्यांच्या ब्रेकच्या टेस्टिंगचा प्रोजेक्ट लांबला आणि ते राहून गेलं. पाच ससे पुरते वाढलेले. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या गोठायच्या म्हणून दिवसातून तीनदा कोमट पाणी न्यावं लागायचं. नवरा कंपनीच्या कामाला मेक्सिकोत. बाहेर हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं बधिर. तशा हातात सुरी धरणं म्हणजे स्वतःचीच बोटं कापून घेणं.

आई तेव्हा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिच्याबद्दल आधी सांगायला हवं. आम्ही खाटीक. गावच्या पेठेत आमचं मटणाचं दुकान होतं. बायकांनी आतड्या-पोटाची वजडी धुवायची, मुंडी-पाय भाजायचे, सुरा पुरुषांकडे. मी नववीत असताना वडिलांना अर्धांगवायू झाला, आणि पंधराव्या दिवशी आई स्वतः दुकानात सुरा घेऊन बसली. पहिले काही दिवस लोक नुसते बघायला यायचे. मग घ्यायला यायला लागले. माझं इंजिनिअरिंग त्या दुकानावर झालं.

आणि अमेरिकेत अठरा वर्षं राहून मी हे एकाही माणसाला सांगितलं नव्हतं. मराठी मंडळात कुणी विचारलं तर ‘बाबांचा बिझनेस होता’ म्हणायचं आणि विषय बदलायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमधून काकडत आले तेव्हा आई स्वयंपाकघरात नवऱ्याचं जाड जाकीट साडीवर घालून चहा पीत होती.

“घरात कर की,” ती म्हणाली.

“घरात? अगं, रक्त, केस...”

“खाली धुण्याची खोली आहे ना. नळ आहे, उजेड आहे. आणखी काय लागतं?”

आम्ही बेसमेंटमधल्या त्या खोलीत जुना शॉवरचा पडदा अंथरला. वॉशिंग मशीनवर वर्तमानपत्रं टाकली. कपडे वाळत घालायच्या दांडीला दोन दोऱ्या बांधल्या. मग मी पहिला ससा आणला. मारायचं काम मीच केलं, शिकले होते तसं, मानेला एक झटका देऊन. मग टांगून सोलायला घेतला. आई स्टुलावर बसून बघत होती. अर्धा तास गेला, मी घामाघूम झाले, तरी कातड्याला मटणाचे तुकडे चिकटून येत होते.

“कुणी शिकवलं तुला?”

“कुणी नाही. व्हिडिओ बघून.”

“घरात एवढी शाळा होती की गं.”

ती हे हसून म्हणाली, पण मला लागलं. “तूच मला दुकानाची पायरी चढू द्यायची नाहीस. अभ्यास कर म्हणायचीस.”

“म्हणायचेच. वर्गात पोरी तुझ्या अंगाला वास येतो म्हणतील, ही भीती होती मला.”

हे ती मला पहिल्यांदाच सांगत होती. मला वाटायचं, तिला माझा हात तिथं नको होता.

दुसरा ससा तिनं आधी मांडीवर मागितला. पाठीवरून हात फिरवत राहिली, तो डोळे मिटेपर्यंत. “घाबरलेलं जनावर कापू नये. मटण निबर होतं, आणि त्याचाही जीवच आहे.” मग मला दिला. नंतर सुरी तिनं घेतली. मागच्या पायांशी गोल चीर, मांड्यांच्या आतून एक रेघ, आणि लहान मुलाच्या अंगातलं स्वेटर काढावं तसं कातडं दोन्ही हातांनी खाली ओढलं. आख्खं निघालं. कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी तिनं नखानं उचलून बाजूला ठेवली. “ही फुटली की सगळं कडू.”

तिसराही तिनंच सोलला. चौथा आणि पाचवा मी केला. ती फक्त माझं मनगट धरून कोन दाखवायची. पाचव्याच्या वेळी तिनं मनगट धरलंसुद्धा नाही.

मटण दोन दिवस फ्रीजमध्ये मुरू दे, म्हणजे मऊ होतं, असं मी म्हटलं तेव्हा तिला ते पटेना. “आमच्याकडं सकाळी कापलेलं दुपारी चुलीवर असायचं.” पण माझं ऐकलं. फरशी पुसताना तिनं सहज विचारलं, “इथं लोकांना काय सांगितलंयस, आमचं काय होतं म्हणून?”

“बिझनेस होता म्हणून.”

“मग खरंच आहे. बिझनेसच होता.”

तिनं आणखी काही विचारलं नाही, आणि त्यामुळंच मला राहवेना.

रविवारी दुपारी मंडळातली एक मैत्रीण आणि तिचा नवरा जेवायला आले. आईनं काळ्या मसाल्यात रस्सा केला होता. मैत्रीण म्हणाली, “काकू, किती सारखे तुकडे आहेत. कुठून आणलं?”

आईनं माझ्याकडे पाहिलं.

“आईनं कापलंय,” मी म्हटलं. “आमचं मटणाचं दुकान होतं. बाबा आजारी पडल्यावर आईनं एकटीनं चालवलं. मी त्याच्यावरच शिकले.”

मैत्रिणीच्या नवऱ्यानं वाटी पुढं केली आणि आणखी रस्सा मागितला. मैत्रीण आईला विचारत होती, “एकटीनं? आणि गावातले लोक काही बोलले नाहीत?”

आई सांगायला लागली. पेठेतली माणसं, गिऱ्हाइकांचे हट्ट, दुकानातला तिचा पहिला दिवस. दोन तास ती बोलत होती. यातलं निम्मं मलाही माहीत नव्हतं. ताटं वाळून गेली तरी कुणी उठलं नाही. बाहेर बर्फ पडत होतं. जन्मभर मी जिच्यामुळं जेवले, तिचं काम काय होतं ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळत होतं. उशिरा का होईना, ते तिच्याच तोंडून आणि माझ्याच घरात कळलं, याबद्दल मी फार ऋणी आहे.