चुकीच्या वर्षात शिवलेले काका

घरात त्याला सगळे फोकस म्हणत. पोटासाठी तो सॉफ्टवेअर लिहायचा आणि जीव रमवायला फोटो काढायचा. लग्नात नवरा-नवरी सोडून रिकाम्या खुर्च्यांचे फोटो काढणारा माणूस, अशी त्याची ख्याती होती.

त्याच्या काकांचं बुकबाइंडिंगचं दुकान होतं. चाळीस वर्षं तिथे उभं राहून काका थकले आणि त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. कटिंग मशीन न्यायला रविवारी सकाळी टेम्पो येणार होता, म्हणून आदल्या दुपारी फोकस कॅमेरा घेऊन गेला. एरवी कॅमेरा दिसला की पाठ फिरवणारे काका म्हणाले, "मी हसणार-बिसणार नाही. काम करतो, तुला काय टिपायचं ते टीप." एकशे बारा फोटो झाले. खळीत बुडवलेला ब्रश, पुठ्ठ्याची कड चाचपणारा अंगठा, दोरा दातांनी तोडणारे काका.

रविवारी संध्याकाळी, दुकान रिकामं झाल्यावर, त्याने कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पुढचं काम त्याच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं. प्रत्येक फोटोवरची तारीख बघायची, त्या तारखेच्या फोल्डरमध्ये तो ठेवायचा आणि शेवटी कार्ड कोरं करायचं. प्रोग्रॅमने काम झाल्याचं कळवलं. पण शनिवारचं फोल्डर कुठेच नव्हतं. कार्ड मात्र कोरं करकरीत.

त्याने कार्ड काढून परत लावून पाहिलं. कोरंच.

"आधी पुसू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं?" बायको म्हणाली.

"तपासून घेतला होता गं प्रोग्रॅम."

"हो, खुर्च्यांवर!"

तासभर शोधूनही काही हाती लागेना. शेवटी त्याने धीर करून काकांना फोन लावला.

"काका, फोटो गेले बहुतेक. माझ्याच हातून."

काका म्हणाले, "मोजलेस?"

"काय मोजू? नाहीतच ते."

"अरे, पान सोळानंतर एकदम तेहेतीस आलं, की गिऱ्हाईक बोंबलतं, पानं गाळलीत म्हणून. मी आधी फर्मे, म्हणजे शिवायचे घडीव गठ्ठे, मोजतो. आकडा भरला, तर सोळा पानांचा तो फर्मा भलतीकडे शिवला गेलेला असतो. तू सगळे मोज."

फोकसने सगळ्या वर्षांचे मिळून फोटो मोजले. प्रोग्रॅमने मागच्या आठवड्यात नोंदवलेल्या आकड्यापेक्षा बरोबर एकशे बारा जास्त! म्हणजे आहेत, इथेच आहेत. मग तारखेचा नाद सोडून, आज कुठल्या फोल्डरमध्ये भर पडली तेवढंच त्याने पाहिलं. अकरा वर्षांपूर्वीचा एक जानेवारी. कॅमेरा साफ करून आणला तेव्हा कॅमेऱ्याने तारीख विचारली होती आणि या शहाण्याने घाईत, पडद्यावर आलेली मूळची तारीख न वाचताच, ओके दाबलं होतं.

त्याने खुर्चीत मागे रेलून लांब श्वास सोडला. बायकोने डोळे पुसले आणि लगेच म्हणाली, "आता आधी दुसरीकडे कॉपी कर."

कॉपी होता होताच त्याने फोन लावला. "सापडलात, काका! अकरा वर्षांपूर्वीच्या फोल्डरमध्ये बसला होतात."

"असं?" काका खुशीत हसले. "मग त्यात माझे केस काळे दिसतायत का बघ."