तीन व्हॉल्व्ह आणि बहिणीची हळद

थोरल्या भावाला गिटार मिळाली ती नंदुरबार स्टेशनातल्या एका गोवेकर गार्डाकडून. बदली झाल्यावर त्यानं ती भावाच्या गळ्यात बांधली आणि तो सुटला. आमचं म्हसावद गाव मात्र अडकलं. भाऊ शेतात वाजवायचा, ओट्यावर वाजवायचा, बैलांना पाणी दाखवतानाही वाजवायचा. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा त्यानं जाहीर केलं, "हळदीले मी वाजाडसू."

आमचे वडील, आबा, जेवता जेवता थांबले. "मांडवमा ढोल वाजी ऱ्हायना व्हई, तठे तुन्ही माशीनी भुणभुण कोन ऐकी? लोके हासतीन." मग जरा विचार करून म्हणाले, "मन्हालोंग ऐकू उनं तं वाजाड. नही तं राहू दे." म्हणजे त्यांच्या कानापर्यंत पोचलं तरच वाजवायचं.

आबांना लोकांच्या हसण्याची फार भीती. भावानं गिटार खुंटीला अडकवली. बहीण मात्र फुरंगटली, कारण तिला आपल्या हळदीला दुसरं काही नको होतं, भावाची गिटार हवी होती.

मी नुकताच सुरतेहून रेडिओ दुरुस्ती शिकून आलो होतो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे असतात ना, त्यातला मी. "आवाज मोठा करून देतो," म्हणून बसलो. पुस्तकातली आकृती काढली तर तिच्यातला एकही व्हॉल्व्ह, म्हणजे रेडिओतला काचेचा दिवा, आमच्याकडे नव्हता. होता तो लढाईच्या काळात बातम्यांसाठी घेतलेला आणि आता मुका झालेला आमचा बॅटरीचा रेडिओ. त्याचे चार व्हॉल्व्ह मायनं कापसात गुंडाळून डब्यात ठेवले होते. त्यातला एक जळालेला निघाला. मी आकृतीवर चरफडत होतो, तेव्हा माय भाकरी थापता थापता म्हणाली, "घरमा वांगा शेतस, मंग वांगास्नीच भाजी व्हई."

राग आला, पण खरं होतं. मी पुस्तक मिटलं आणि उरलेल्या तिघांना काय काय जमतं ते बघत आकृती नव्यानं मांडली. पहिल्यानं तारांचा बारीक आवाज उचलायचा, दुसऱ्यानं तो वाढवायचा, तिसऱ्यानं रेडिओच्या कर्ण्याला, म्हणजे स्पीकरला, जोर द्यायचा. पहिला जरा हळवा होता. टेबलाला धक्का लागला तरी घंटेसारखा वाजायचा, म्हणून त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. कानाला लावायच्या जुन्या हेडफोनमधलं लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं काढून गिटारच्या पोलादी तारांखाली बसवलं. कर्ण्याच्या तोंडाला काकांच्या मोडक्या ग्रामोफोनचा पितळी भोंगा डिंकानं आणि चिंध्यांनी चिकटवला. गावात वीज नव्हती, तेव्हा बॅटरी शहाद्याच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, भरून आणली. भोंग्यातून पहिला सूर निघाला तेव्हा भाऊ आणि मी एकमेकांना मिठी मारून नाचलो. गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली होती, तिला मग मायनं आवरलं.

हळदीच्या दिवशी भाऊ नवरीशेजारी बसला. मी भोंगा लोकांकडे तोंड करून ठेवला. तेवढ्यात फुई, म्हणजे आबांची बहीण, तरातरा आली. वाजंत्र्यानं नवरीकडे पाठ करणं म्हणजे अपशकुन, असं म्हणून तिनं भोंगा सरळ नवरीकडे, म्हणजे गिटारकडेच वळवला. मी "फुई, नको!" म्हणेपर्यंत भावानं तार छेडली. तारेचा आवाज भोंग्यात, भोंग्याचा पुन्हा तारेत, आणि मांडवात अशी किंकाळी उठली की हळदीची वाटी घेऊन उभी असलेली मावशी खालीच बसली. पोरं खदखदून हसली, ढोलकरीही हसला. आबा मांडवाबाहेर वरणासोबतची बट्टी भाजायच्या भट्टीशी उभे होते. त्यांनी मान खाली घातली. 

फुईशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी भोंगा हलवलाच नाही. बहिणीचा पाट, तिच्यासकट, चौघांकडून उचलून भोंग्यासमोर लांब नेऊन ठेवला आणि भावाला भोंग्याच्या पाठीमागे बसवलं. भोंग्याचं तोंड नवरीकडेच राहिलं. फुईनं समाधानानं मान डोलावली.

भावानं बायकांचं हळदीचं गाणं धरलं. ढोल सुरूच होता, तरी त्याच्यावरून सूर स्वच्छ निघून गेला. एका बाईनं ओळ उचलली, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. ढोलकऱ्यानं आपणहून हात आवरता घेतला. बहीण तोंडभर हळद लावून हसत होती. मला वाटलं, आता आपल्याला कुणी उचलून घ्यावं.

आबा भट्टी सोडून, हात पिठानं माखलेले, तसेच आत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. "तो भोंगा बंद कर."

भावाची बोटं थांबली.

"ऐकू उनं रे माले," आबा म्हणाले. "पार भट्टीलोंग उनं. आते माले जोडे बठीसन ऐकनं शे."

मी बटण फिरवलं. आबा भावाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले, बहिणीला त्यांनी हाक मारून शेजारी घेतलं, आणि भाऊ नुसत्या तारांवर हळू वाजवू लागला. दुसऱ्या ओळीला आबा गायला लागले. ते बायकांचं गाणं. आमच्याकडे पुरुष ते कधी म्हणत नाहीत, आणि आबांना तर सूर म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं.

लोक हसले, अगदी पोट धरून हसले. आबा लेकीचा हळदीचा हात हातात धरून गातच राहिले.