बोर्डाची खंडेनवमी

नाव : भिकन पगारे. वय : सत्तावन्न. पद : दूरध्वनीचालक. कामाचे ठिकाण : मुख्य इमारत, तळमजला, टेलिफोन बोर्डाची खोली. कर्तव्य : कारखाना व बाह्य जग यांतील संपर्क अखंड राखणे. शेरा : सदर कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीत उपरोक्त संपर्क संभवत नाही.

कामाच्या ठिकाणी भिकन आठ महिने फिरकला नव्हता. साखरेच्या आजारानं उजवा पाय गुडघ्याखाली नेला आणि द्वारका चौकामागच्या कॉलनीत, लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर, तो पलंगाला खिळला. बोर्डाशी नातं मात्र तुटलं नाही. बाहेरून कारखान्याचा नंबर लावायचा, बीप वाजली की ठरलेला चार आकडी क्रमांक दाबायचा. मग आपला माणूस खुर्चीतच बसलाय असं समजून बोर्ड त्याचं सगळं ऐकायचा. भिकननं त्याला सांगितलं होतं, येईल तो फोन माझ्या मोबाईलवर पाठव. मग भिकन घरूनच उचलायचा, "नमस्कार, बोला" म्हणायचा आणि हव्या त्या टेबलाला जोडून द्यायचा.

याला मॅनेजर कुलथेसाहेबांची तोंडी परवानगी होती. "चालवा घरून. पण पगारे, एक जरी फोन नुसता वाजत राहिला, तर मी तुम्हाला घरी बसवीन."

घरीच बसलेल्या माणसाला ही धमकी जरा विचित्र होती, पण भिकनला ती नीट कळली. निवृत्तीला चौदा महिने होते.

फोन तसे फार येत नसत. कर्ज हवंय का विचारणारी एक मुलगी, आणि गॅस एजन्सी समजून लावणारा एक म्हातारा. मंदी आहे, असं भिकन स्वतःला समजावी.

खंडेनवमीला कारखान्यात प्रत्येक यंत्र बंद करून पुसतात, हळदकुंकू वाहतात. वीज गेली तर बोर्डाला इन्व्हर्टर होता, पण बोर्डाच्या आतला, आठवण टिकवणारा सेल कधीच मेलेला. बटण बंद केलं की बोर्ड शिकवलेलं सगळं विसरायचा, तो चार आकडी क्रमांकसुद्धा. म्हणून भिकन दरवर्षी दारात उभा राहून सांगायचा, "झेंडू हवा तेवढा वाहा, बटणाला हात लावू नका."

यंदा दारात कुणी नव्हतं. दुपारी त्यानं नेहमीसारखा नंबर लावून पाहिला. नुसती रिंग. त्यानं वॉचमन दीपकला मोबाईलवर गाठलं.

"पूजा एक नंबर झाली मामा. तुमचा बोर्ड तर बंद करून आतून पुसला. लय धूळ होती."

"परत चालू केला?"

"केला ना. हिरवा दिवा लागलाय."

"आत जा. मी सांगतो ती बटणं दाब."

"साहेब बोर्डाच्या खोलीला कुलूप लावून चावीसकट गावाला गेले. सोमवारी या ना तुम्हीच."

बायको, संजना, कॉलनीतल्या बायकांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेलेली, रविवारी येणार. एकट्यानं तीन जिने उतरणं शक्य नव्हतं. भिकन पडल्यापडल्या पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिला. कुलूपबंद खोलीत फोन वाजतोय आणि उचलणारा कुणी नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

सोमवारी संजनानं आणि शेजाऱ्यानं त्याला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, रिक्षात घातलं. कुलथेसाहेबांसमोर त्यानं हात जोडले. "साहेब, चार दिवस फोन नुसते वाजत राहिले. चूक झाली."

"बंद होता का फोन?" साहेबांनी खरंच आठवून पाहिलं. "शुक्रवारी दसरा, पण शनिवारी ऑफिस चालू होतं की. कुणी काही बोललं नाही." मग जरा विचार करून म्हणाले, "कुणीच नाही."

भिकन खोलीत गेला. बोर्डावर झेंडू वाळला होता. चार दिवसांत न उचललेले कॉल पडद्यावर दिसत होते. एकूण एकेचाळीस. सगळे त्याच्याच मोबाईलवरून.